महोत्सवात, जत्रेत स्टॉल लावताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, अमक्या महोत्सवात स्टॉल घेऊ का?" "भाडं जास्त सांगतायत का हो?" "लायसन लागतं का?" गेली १४ वर्षं मी दादरहून कापडी पिशव्या, झोळे आणि हाताने शिवलेल्या वह्या घेऊन मुंबईभर फिरतेय. माझ्याच टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर जाऊबाई मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ मांडतात. तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आली, म्हणून एकदाचं लिहून टाकलं.

मुंबईत रोज कुठेतरी काहीतरी असतं. नेमकं कुठे जावं?

गर्दी किती, हे शेवटी विचारा. आधी बघा की तिथली माणसं बसलेली असतात की चालत असतात.

शास्त्रीय गाण्याची मैफल, नाट्यसंगीत, भावगीतांचा कार्यक्रम, इथला श्रोता गाण्यासाठी आलेला असतो. तिकीट काढून बसलाय, तो तुमच्या पिशवीसाठी उठत नाही. तुमचा सगळा धंदा सुरुवातीच्या आधीचा अर्धा तास आणि मध्यंतर एवढ्यातच. त्या मध्यंतरातही अर्धे लोक बटाटावड्याच्या रांगेत, बायका स्वच्छतागृहाच्या रांगेत. उरलेल्यांच्या हातात चहाचा कप. कप धरलेला हात पाकीट काढत नाही, हे मी पहिल्याच हंगामात शिकले.

दिवाळी पहाटेचं गणित तर अजून वेगळं. लोक नटूनथटून पहाटे येतात, संपल्यावर घरी फराळाची घाई असते. तिथे दिवाळी अंक हातोहात जातात, बाकी माल जागचा हलत नाही. मी एका पहाटेला ४० झोळे नेले होते आणि ३८ परत आणले. शेजारच्या अंकवाल्याला मोड देऊन देऊन माझा गल्ला मात्र रिकामा झाला.

उलट काळा घोडा कला महोत्सव, बांद्र्याची जत्रा, माहीमचा उरूस, उपनगरातल्या मैदानांवरच्या मालवणी जत्रा, इथे माणूस चालत असतो. थांबतो, हात लावतो, पुढे जातो, फिरून परत येतो. नवीन माणसाने चालत्या गर्दीपासून सुरुवात करावी.

मग पहिलाच स्टॉल काळा घोड्याला लावू का?

नको. हा महोत्सव १९९९ पासून भरतोय, जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीची सुरुवात या सुमारास नऊ दिवस चालतो, प्रवेश मोफत असतो. अर्ज करणारे भरपूर असतात आणि मालाचे फोटो बघून निवड होते. नऊ दिवस सलग उभं राहायचं म्हणजे माल, माणसं आणि पाय तिन्ही पुरले पाहिजेत. आधी आपल्याच वॉर्डातली दोन-तीन दिवसांची जत्रा करा, किंवा सणाआधी हॉलमध्ये भरणारं एखादं प्रदर्शन. अर्धं टेबल मिळत असेल तर अर्धंच घ्या.

कुठे काय खपतं, ते जरा सांगा ना.

मी जिथे उभी राहिले किंवा नुसती बघत फिरले, तेवढंच सांगते.

बांद्र्याची माऊंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. मेणबत्त्या आणि नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं हा तिथला मूळ धंदा, तो पिढ्यान्‌पिढ्या करणारी कुटुंबं आहेत. त्यात शिरू नका. खेळणी, खाऊ, किरकोळ दागिने यांना जागा असते. तिथल्या जागा महापालिका देते, त्यामुळे जाहिरातीवर लक्ष ठेवा. सप्टेंबर आहे, पाऊस धरूनच चाला.

माहीमचा उरूस डिसेंबरात दहा दिवस असतो. मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यावर मुंबई पोलिसांचा संदल वाजतगाजत जातो, ते बघायलाही लोक येतात. पाळणे, हलवा-पराठा, लहान मुलांच्या वस्तू. महाग, नाजूक हस्तकला तिथे चालत नाही. अवघ्या दोन लोकल स्टेशनांवर, प्रभादेवी-दादर भागातल्या हॉलमध्ये तोच माल तिप्पट भावाने जाईल.

६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आणि चैत्यभूमीच्या परिसरात जो पुस्तकांचा बाजार भरतो, तसा मी दुसरा पाहिला नाही. विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेने आलेली माणसं, ज्यांच्याकडे परतीच्या प्रवासात डोकं टेकायला जागा नाही, ती दोन-दोन पिशव्या भरून पुस्तकं घेतात. कॅलेंडरं, बुद्धमूर्ती, भीमगीतांच्या ध्वनिफिती, आता पेनड्राइव्ह. माझ्या जाड कापडाच्या साध्या पिशव्या तिथे जातात, कारण पुस्तकांचं वजन पेलणारी पिशवी हवीच असते. पण तो अभिवादनाचा दिवस आहे, महोत्सव नव्हे. "या या, ऑफर" असं ओरडायचं नाही, भाव वाढवायचा नाही. ज्यांना हे कळत नाही त्यांनी तिथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बचतगटातल्या बायकांसाठी राज्य सरकारच्या 'उमेद' अभियानामार्फत महालक्ष्मी सरस हे मोठं प्रदर्शन वांद्रे-कुर्ला संकुलात भरत आलंय. त्याची वाट तुमच्या गटातून, तालुक्याच्या कक्षातून जाते. थेट स्टॉल मागून मिळत नाही.

गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत स्टॉल लावायचा विचार सोडा. सकाळचे चार तास, रस्त्यावर मुंगीला जागा नाही.

तीन दिवसांचं भाडं १२ हजार सांगतायत. परवडेल?

नुसतं भाडं धरलंत तर परवडेल असंच वाटतं. कागद घ्या. भाडं १२ हजार. टेम्पो येऊन-जाऊन ३ हजार. मदतीला माणूस, दिवसाला ८०० प्रमाणे २,४००. चहा-जेवण ९००. जादा टेबल, दिवा, वायर ७००. झाले १९ हजार.

आता माझी पिशवी ३५० ची, तिला मला निम्मे पडतात. म्हणजे नुसता खर्च निघायला ३८ हजारांची विक्री हवी. १०९ पिशव्या. रोजच्या ३७.

जत्रा असेल तर संध्याकाळी पाच ते दहा, पाच तासांत ३७ पिशव्या म्हणजे तासाला सात-आठ. अवघड आहे पण होतं. आता हेच भाडं बसून ऐकण्याच्या महोत्सवात लावा. आधीचा अर्धा तास आणि २५ मिनिटांची दोन मध्यंतरं मिळून ८० मिनिटं. म्हणजे दोन-सव्वादोन मिनिटांना एक पिशवी, तेही कोणी रंग न बदलता, सुटे न मागता. एवढं करून हातात काय? शून्य. तुमचे तीन दिवस फुकट.

म्हणून मैफलीच्या महोत्सवात मी १२ हजार देत नाही. ४-५ हजारांत टेबल मिळालं तर जाते, आणि तेव्हाही १५० च्या आतल्या वह्या पुढे मांडते. मध्यंतरात माणूस विचार करत नाही, उचलतो. विचार करायला लावणारी वस्तू तिथे नेऊच नका.

आयोजक म्हणतात ५० हजार लोक येणार. खरं मानायचं?

येतीलही. तुमच्यासमोरून किती जातील, ते विचारा. आत यायचं फाटक आणि बाहेर पडायचं फाटक एकच आहे का? खाण्याचे स्टॉल तुमच्या आधी लागतात की नंतर? माझ्या अनुभवात खाण्याच्या आधीचा स्टॉल सोन्याचा. खाऊन झाल्यावर हात तेलकट, पोट जड, लक्ष रिक्षाकडे. स्पीकरच्या तोंडासमोर जागा आहे का, हेही बघा. तिथे भाव सांगायलासुद्धा ओरडावं लागतं.

आणि नकाशावर तुमच्या स्टॉलचा नंबर लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. एका महोत्सवात मला फोनवर 'अगदी प्रवेशाजवळ' सांगितलं होतं. पोचले तर प्रवेशाजवळ एका मोठ्या प्रायोजकाची कमान आणि मी मंडपामागे जनरेटरच्या शेजारी. तीन दिवस डिझेलचा वास. पिशव्यांना तो असा लागला की घरी आणून सगळ्या धुवाव्या लागल्या. भांडले, पण लेखी काही नव्हतं. गेल्या वर्षी तिथे कोण होतं ते शोधून एक फोन केला असता तर वाचले असते. विक्रेते एकमेकांना खरं सांगतात, निदान दुसऱ्या दिवशी चहा पिताना तरी.

कागदपत्रं काय काय लागतात?

खाण्याचं काहीही विकत असाल, अगदी घरचं लोणचं असलं तरी, एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. लहान धंद्याला साधी नोंदणी पुरते, मोठ्याला परवाना. १४ अंकी क्रमांक मिळतो, तो स्टॉलवर दिसला पाहिजे आणि पाकिटावर छापला पाहिजे. आयोजक हल्ली अर्जासोबतच मागतात.

पाकीटबंद माल असेल तर २०११ च्या वैधमापन (वजन-मापाच्या) नियमांप्रमाणे त्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. जाऊबाई आधी नुसतं 'घरगुती मसाला' असं हाताने लिहून चिकटवायच्या. एका प्रदर्शनात तपासणीला साहेब आले, त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि "वजन कुठाय?" एवढंच विचारलं. त्या रात्री आम्ही दोघी बसून २०० लेबलं लिहीत होतो. सुटा माल तोलून देत असाल तर काट्यावर वैधमापनचा शिक्का असावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वर्षातून एकदा करून घ्यावी लागते.

जीएसटीचं लोक उगाच टेन्शन घेतात. राज्यातल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. बसवून खाऊ घालणं ही सेवा धरतात, तिथे मर्यादा २० लाखांची. तरी काही आयोजक नंबर मागतात. नसेल तर तसं लिहून द्या, बहुतेकांना चालतं.

लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला नमस्कार करा. कारागीर असाल तर हस्तकला विकास आयुक्तांचं पहचान कार्ड काढा, सरकारी प्रदर्शनांत ते उपयोगी पडतं.

माझी मैत्रीण बेळगावहून माल घेऊन येणार आहे. तिला काही वेगळं?

हो. दुसऱ्या राज्यातून तात्पुरतं विकायला येणाऱ्याला जीएसटीत 'कॅज्युअल' करदाता म्हणून नोंदणी करावी लागते, धंदा सुरू व्हायच्या किमान पाच दिवस आधी. ती ९० दिवस चालते आणि अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सवलत आहे. तिचा माल त्यात बसतो का, हे निघायच्या आधी सीएला विचारायला सांगा. बेळगाव आपल्या बाजूचं समजून हे विसरू नका, कागदावर ते कर्नाटकात आहे.

कवितेच्या ओळी छापलेल्या पिशव्या, टी-शर्ट गाण्याच्या महोत्सवात फार चालतात. मीही छापू?

चालतात खरंच. पण ओळ कोणाची, ते बघा. कवी गेल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग खुशाल छापा. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांच्या ओळी मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी हवी. "सगळेच छापतात" हे उत्तर नोटीस आल्यावर कामाला येत नाही. चित्रपटगीतांच्या ओळींपासून तर लांबच राहा.

गायकांचे चेहरेही नकोत. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांचं नाव, आवाज आणि छबी विनापरवानगी वापरायला मनाई केली. आपण लहान आहोत, आपल्याकडे कोण बघतंय, असं वाटतं. पण महोत्सवात त्या गायकाची माणसं स्टॉलवरून फिरत असतात.

स्टॉलवर गाणी लावली तर गिऱ्हाईक येईल का?

समोर माणूस गातोय आणि तुम्ही ब्लूटूथ स्पीकर लावणार? नको. शिवाय ध्वनिमुद्रित गाणं जाहीर वाजवायला वेगळं लायसन लागतं.

पिशवी कसली द्यावी?

कागदी किंवा कापडी. महाराष्ट्रात जून २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. पहिला दंड ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि कैदही. ३० रुपयांच्या कानातल्यासाठी हे परवडणारं नाही. कागदी पिशव्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून गठ्ठ्याने आणा, सुट्या घेतल्या तर भाव दुप्पट पडतो. स्टॉलचे एलईडी दिवे, एक्स्टेंशन, चिकटपट्टी यांसाठी लोहार चाळ. वायर लांब घ्या. आयोजकाचा प्लग नेहमी तुमच्या वायरपेक्षा दोन हात लांब असतो.

गरम खाणं करायचंय. घरचा सिलिंडर नेला तर?

नाही चालत. धंद्याला व्यावसायिक सिलिंडरच लागतो, घरगुती सापडला तर स्टॉल बंद करतात. बऱ्याच ठिकाणी, विशेषतः बंद हॉलमध्ये, कुठलाच गॅस नाही, फक्त इंडक्शन. मग वीज किती ॲम्पिअरची मिळणार, ते आधी विचारा. दोन इंडक्शन एकदम लावले आणि अख्ख्या रांगेचे दिवे गेले, हे मी दोनदा पाहिलंय. रांग मग तुमच्याशी बोलत नाही.

माल न्यायचा कसा?

जास्त असेल तर छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो. दोघं-तिघं मिळून करा. गाडी आत सोडायची वेळ आयोजक ठरवतो, बहुधा सकाळी, आणि ती चुकली की फाटकापासून सगळं डोक्यावर. थोडा माल असेल तर लोकलचा लगेजचा डबा आहेच. लगेजचं तिकीट मात्र काढा. सकाळी आठला दादरला चढायचा हट्ट करू नका, दुपारी बारानंतर निघा.

आणि गिऱ्हाईकही लोकलनेच जाणार आहे, हे माल निवडताना लक्षात ठेवा. कुंभारवाड्यातल्या सुंदर मोठ्या कुंड्या महोत्सवात सगळे बघतात, फोटो काढतात, "किती गोड!" म्हणतात आणि बोरिवली फास्ट पकडायला निघून जातात. मूठभर पणत्या घेतात. घडी होणारं, न फुटणारं, मांडीवर मावणारं, हा मुंबईचा नियम.

सगळे यूपीआयच करतात. रोख ठेवायची गरज आहे?

गर्दी वाढली की नेटवर्क बसतं. गोल गोल चक्र फिरत राहतं, मागे सहा जण उभे, आणि गिऱ्हाईक "नंतर येते" म्हणून जातं, ते येत नाही. म्हणून २ हजारांचे सुटे ठेवा, १०-२० च्या नोटा जास्त. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. मोबाइलवरचा 'पेड' असलेला स्क्रीनशॉट मान्य करू नका, पैसे आल्याचं सांगणारा साउंडबॉक्स बोलला की मगच वस्तू द्या. भाव शून्यावर संपणारे ठेवा. २९९ ठेवून रुपया शोधत बसण्यात काय मजा आहे मला कळलेलं नाही.

घासाघीस झाली तर?

जत्रेत होणारच, तेवढी किमतीत धरा. काळा घोड्याला कमी होते. भवानीच्या गिऱ्हाईकाला मी थोडं सोडते, त्यात शास्त्र काही नाही, सवय आहे. रात्री नऊनंतर मात्र भाव पाडू नका. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, ठरावीक दिवशीच बारापर्यंत सूट मिळते, त्यामुळे दहाच्या सुमारास सगळी गर्दी एकदम उठते. ती पंधरा मिनिटं दिवसातली सगळ्यात चांगली असू शकतात, आणि नेमके तेव्हाच नवे विक्रेते माल गुंडाळायला घेतात.

एकटीने स्टॉल सांभाळता येईल का?

येत नाही. गल्ला कोणाकडे सोपवून बाथरूमला जाणार? शेजारणीशी पहिल्या तासात ओळख करा, तिला चहा पाजा, पण पैसे कमरेलाच बांधा.

डिपॉझिट परत मिळत नाहीये.

पावती आहे का? नसेल तर कठीण आहे. असेल तर फोन करणं थांबवा आणि ईमेल करा, तारखा घालून. माझे एकदा ३ हजार अडकले होते, चौथ्या मेलनंतर मिळाले. स्टॉल सोडताना रिकाम्या जागेचा फोटो काढायची सवय लावा, "जमीन खराब केली" म्हणून कापतात.

पहिल्या दिवशी काहीच विकलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊ की नको?

जा, पण मांडणी तीच ठेवून जाऊ नका. पार्ल्यात एकदा माझ्या पहिल्या दिवशी पाच पिशव्या गेल्या. सगळ्या घडी करून टेबलावर रंगाप्रमाणे रचल्या होत्या, दुकानात असतात तशा. लोक वरून बघायचे आणि त्यांना वाटायचं की उशांचे अभ्रे आहेत. एका काकूंनी तसं विचारलंच. रात्री घरी जाऊन कपडे वाळत घालायची दोरी आणि लाकडी चिमटे आणले. दुसऱ्या दिवशी टेबलाच्या मागे नाही, पुढच्या बांबूला, खांद्याच्या उंचीवर दहा पिशव्या टांगल्या. एकीत वर्तमानपत्र, एकीत कोथिंबिरीची जुडी, एकीत पाण्याची बाटली, सगळं अर्धं बाहेर डोकावणारं. टेबलावर नुसत्या वह्या. लोक चालता चालता पिशवीला खांदा लावायचे, थांबायचे, कोथिंबीर खरी आहे का ते बघायला हात घालायचे. संध्याकाळपर्यंत ४१ गेल्या, आणि ती जुडी एका आजोबांनी १० रुपयांना मागितली. दिली.